ताटली लिमोजची, पण गुलाब कुणी रंगवले?

प्रश्न असा आला आहे: "मी न्यू जर्सीत राहते. जवळच्या गावात एका घरातलं सगळं सामान विकायला काढलं होतं. तिथून गुलाबाची चित्रं आणि सोनेरी कड असलेल्या आठ ताटल्या घेतल्या. प्रत्येकीच्या मागे हिरव्या रंगात 'टी अँड व्ही, लिमोज, फ्रान्स' असा ठसा आहे. एकीच्या मागे सोनेरी अक्षरांत कुणाचं तरी नाव आणि '१९०७' लिहिलंय. या खरंच फ्रान्समध्ये हाताने रंगवलेल्या आहेत का? असा संग्रह वाढवायचा तर काय बघून घ्यावं? आणि दिवाळीत यातून फराळ वाढला तर चालेल का?"

ताटल्या नक्की फ्रान्सच्या आहेत. गुलाब हातानेच काढलेले असावेत, पण ते बहुतेक अमेरिकेत काढलेले आहेत. हे वाचून हिरमुसू नका. भांडं कुठे घडलं आणि ते कुठे रंगलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जुनं फ्रेंच पोर्सिलेन जमवणाऱ्याने ते प्रत्येक तुकड्याला वेगवेगळे विचारायचे असतात. बहुतेक नवे संग्राहक मागचा ठसा वाचतात आणि तिथेच थांबतात. म्हणून आधी ठशाबद्दलच सविस्तर सांगतो.

पोर्सिलेनची ताटली दोनदा भाजली की पांढरी, चकचकीत होते. दुसरी भट्टी सुमारे १४०० अंश सेल्सिअसची. इतक्या आचेत टिकणारे रंग फार थोडे, त्यांतले मुख्य म्हणजे कोबाल्टचा निळा आणि क्रोमचा हिरवा. म्हणून कारखान्याने कोऱ्या भांड्यावर मारलेला ठसा बहुतेक वेळा हिरवा असतो आणि तो झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, आत असतो. त्यावरून नख फिरवलं तर काहीच लागत नाही. गुलाबी, पिवळा, लाल, जांभळा आणि सोनं हे सगळं झिलईच्या वर चढवतात आणि ७०० ते ९०० अंशांच्या छोट्या भट्टीत पुन्हा भाजतात. हे काम त्याच कारखान्यात झालं असेल, तर रंगकाम करणारा विभाग आपला दुसरा ठसा झिलईवर मारतो, लाल, निळ्या, जांभळ्या किंवा सोनेरी रंगात. तो किंचित उठून लागतो आणि कधीकधी अर्धा पुसलेलाही असतो.

म्हणजे हिरवा ठसा सांगतो की माती कुठली. दुसरा ठसा सांगतो की चित्र कुठलं. तुमच्या ताटल्यांवर पहिला आहे, दुसरा नाही, आणि वर कुणी आपलं नाव आणि साल घातलंय. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत घरोघरच्या बायकांना पोर्सिलेन रंगवण्याचा मोठा नाद होता. त्याचे वर्ग चालत, मासिकं निघत, घरात ठेवता येतील अशा लहान भट्ट्याही मिळत. त्यासाठी कोरी भांडी हवी असत आणि त्यांतली उत्तम भांडी लिमोजहून जहाजाने येत. तुमच्या ठशातले 'टी अँड व्ही' म्हणजे ट्रेसमान अँड व्होग्ट, हे अशी कोरी भांडी पाठवणाऱ्यांतलं मोठं नाव. कारखान्यातला चित्रकार ताटलीमागे आपलं नाव आणि साल असं हौसेने लिहीत नसे. सही केलीच तर ती समोर, चित्राच्या कडेला असते.

असं काम कमअस्सल समजणारे व्यापारी खूप आहेत. मला ते पटत नाही. खुद्द व्हाइट हाउसमधला लिंकनच्या काळचा जांभळ्या काठाचा प्रसिद्ध संच बघा. १८६१ साली मेरी लिंकनने तो निवडला. भांडी लिमोजच्या हॅविलँड कारखान्याची, रंग आणि गरुडाचं चिन्ह चढवलं न्यूयॉर्कच्या हॉवाउट कंपनीने. मग १८८० च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष हेज यांच्यासाठी अमेरिकेतल्या पशुपक्ष्यांची चित्रं असलेला संच झाला. त्याची चित्रं थिओडोर डेव्हिस या अमेरिकन चित्रकाराची, पण घडवणं आणि रंगवणं दोन्ही लिमोजमध्ये. पहिला संच अर्धा फ्रेंच, दुसरा पूर्ण फ्रेंच हातांचा. संग्राहकाने दोन्हींकडे आदरानेच बघावं, फक्त विकणाऱ्याने एकाच्या जागी दुसरं सांगू नये.

मुळात लिमोजच का? शहराच्या दक्षिणेला साँ-इरिये नावाचं गाव आहे. तिथे १७६८ च्या सुमारास केओलिन सापडलं, म्हणजे अस्सल पोर्सिलेनला लागणारी शुभ्र माती. गावातल्या दार्ने नावाच्या शल्यवैद्याच्या बायकोला ती माती कपडे धुवायला बरी पडेल असं वाटलं आणि तिथून तिचं मोल कळलं, अशी कथा तिकडे सगळे सांगतात. १७७१ मध्ये लिमोजला पहिला कारखाना उभा राहिला. १७८४ मध्ये तो राजाने विकत घेऊन पॅरिसजवळच्या सेव्ह्रच्या शाही पोर्सिलेन कारखान्याला जोडला. पुढची कितीतरी वर्षं लिमोजमधलं बरंचसं भांडं कोरंच पॅरिसला जाई आणि तिथले कारागीर ते रंगवत. १८४० च्या दशकात न्यूयॉर्कचा व्यापारी डेव्हिड हॅविलँड लिमोजला येऊन राहिला. अमेरिकन गिऱ्हाइकाला काय आवडतं ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने रंगकामाची शाळा आणि कार्यशाळा तिथेच काढली. अमेरिकेतल्या जुन्या घरांतून आज लिमोजचं इतकं सामान निघतं त्याचं कारण तिथे आहे. तुम्ही न्यू जर्सीत बसून जो संग्रह करू शकता तो पुण्या-मुंबईत बसून करणं अवघड आहे.

आता ठशावरून काळ कसा काढायचा. सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे 'फ्रान्स' हा शब्द. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं आणि १८९१ पासून ते लागू झालं. त्यामुळे ठशात 'फ्रान्स' असेल तर तुकडा बहुधा त्यानंतरचा. पण उलट खरं नाही: अमेरिकेला जायचा नसलेला माल नंतरही त्या शब्दाविना निघत होता. हॅविलँडच्या बाबतीत आणखी एक खूण आहे. घराण्यातल्या दोघा भावांनी, चार्ल्स आणि थिओडोर यांनी, १८९२ साली वाटा वेगळ्या केल्या. 'थिओडोर हॅविलँड' असा पूर्ण ठसा दिसला की तो त्यानंतरचा. हॅविलँडचे नमुने हजारांत आहेत. अमेरिकेत त्यांना श्लायगर क्रमांकांनी ओळखतात, आणि एखादी बशी फुटली तर जोडीची बशी त्या क्रमांकावरून शोधता येते.

'लिमोज' हा शब्द मात्र एकटा कधीच पुरावा धरू नका. ओहायोतल्या सेब्रिंग गावात 'लिमोज चायना कंपनी' नावाचा अमेरिकन कारखाना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चालला. त्याचा माल बरा आहे, पण तो फ्रेंच नाही आणि बराचसा छापील आहे. पूर्वेकडून आलेल्या नव्या मालावरही 'लिमोज' लिहिलेले, जुन्यासारखे दिसणारे ठसे असतात. ते फार ठळक, फार सुबक आणि बहुतेक झिलईच्या वर असतात, म्हणजे जिथे हिरवा ठसा आत असायला हवा तिथे तो बोटाला लागतो. फ्रान्सने २०१७ मध्ये 'लिमोज पोर्सिलेन' या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. आज ते नाव लावायचं तर भांडं घडवणं आणि रंगवणं, दोन्ही लिमोजच्याच ओत-व्हिएन जिल्ह्यात व्हावं लागतं. तुमच्या ताटल्या त्या नियमात आज बसल्या नसत्या.

आता पुढची बाजू. दहापट मोठं दिसणारं भिंग घ्या, जवाहिऱ्यांकडे असतं ते. टेबलावर टॉवेल पसरा, त्यावर ताटली ठेवा आणि दिव्याखाली तिरपी धरा. हाताने रंगवलेल्या पाकळीत कुंचला कुठे टेकला, कुठे ओढला, कुठे उचलला ते दिसतं. टोकाशी रंगाचा थेंब जाड झालेला असतो, मधे तो इतका विरळ की खालची झिलई दिसते. छापील चित्र, म्हणजे कागदावरून उतरवलेलं डेकल, भिंगाखाली बारीक ठिपक्यांत फुटतं, आणि जिथे कागद दुमडला तिथे सुरकुती किंवा तुटकी कड सापडते. पण सगळ्यात मोठा घोटाळा या दोन्हींच्या मधे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाह्यरेषा छापून आत हाताने रंग भरायची पद्धत सर्रास होती. विकणारा त्यालाही 'हँड पेंटेड' म्हणतो आणि ते तसं खोटंही नसतं. ओळखायचं असेल तर संचातल्या दोन ताटल्या शेजारी ठेवा. त्याच पानाची तीच शीर दोन्हीकडे तंतोतंत त्याच जागी, पण रंग कमीजास्त भरलेला, तर रेषा छापील. तुमच्या आठही ताटल्या अशा पडताळून बघा. प्रत्येकीवर गुलाब वेगळ्या कलाने झुकलेला असेल, तर ते पूर्ण हाताचं काम.

गुलाबी रंगाकडे मी नेहमी जास्त वेळ बघतो. हा रंग सोन्यापासून होतो. सोनं आम्लात विरघळवून त्याचा कथिलाशी संयोग केला की जांभळट चूर्ण मिळतं आणि त्यातून गुलाबीच्या छटा काढतात. हा रंग भट्टीला फार हळवा. आच कमी पडली तर तो मातकट, तांबूस राहतो. जास्त झाली तर जांभळ्याकडे झुकतो. लोहाचा लाल जास्त आचेत फिका पडतो, उडूनही जातो. म्हणून चित्रकार आधी जास्त आच लागणारे रंग लावून भाजतो, मग कमी आचेचे, आणि दर वेळी ताटली पुन्हा भट्टीत जाते. चांगल्या कारखान्याच्या कामात गुलाब आतून उजळलेला दिसतो. हौशी कामात पुष्कळदा पाकळ्या विटकरी किंवा जांभळ्या झालेल्या असतात, कारण घरच्या भट्टीत आच मोजणं कठीण होतं. तुमच्या आठही ताटल्यांवर गुलाबी एकसारखा स्वच्छ उतरला असेल, तर १९०७ सालची ती बाई आपल्या कामात पक्की होती.

सोन्याचंही तसंच. जुन्या पद्धतीचं सोनं भट्टीतून मंद, मातट निघतं आणि मग अकीक दगडाने घासून चमकवतात. ते जाडसर असतं, उबदार पिवळं. दुसरं 'द्रव चमकतं सोनं', ते १८३० च्या सुमारास जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सिलेन कारखान्यात सापडलं. ते भट्टीतूनच आरशासारखं चकचकीत येतं, पातळ असतं आणि लवकर झिजतं. म्हणजे अठराव्या शतकातली म्हणून दाखवलेली बशी आरशासारख्या सोन्याने चमकत असेल, तर ती बशी नाही तरी ते सोनं नक्की नंतरचं. भांड्यावरच्या चित्रातल्या हिरव्याचंही असंच बघतात. क्रोम हे मूलद्रव्यच व्होक्लाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये शोधलं. क्रांतीत मारल्या गेलेल्या फ्रेंच राणीच्या, 'मारी आंत्वानेतच्या काळातल्या' बशीवर क्रोमचा हिरवा निघाला तर ते रंगकाम त्या काळचं असूच शकत नाही. मोठ्या लिलावगृहांत क्ष-किरणांच्या यंत्राने हे काही मिनिटांत तपासतात.

सेव्ह्रकडे सुरुवातीला वळू नका, असं मी नव्या संग्राहकांना आग्रहाने सांगतो. कारण तिथे नेमकं हेच, माती एकीकडची आणि चित्र दुसरीकडचं, शंभर वर्षं फसवणुकीचं साधन झालं. कारखाना १७४० मध्ये व्हँसेनला निघाला, १७५६ मध्ये सेव्ह्रला आला आणि १७५९ मध्ये पूर्णपणे राजाचा झाला. एकमेकांत गुंतलेली दोन इंग्रजी 'एल' अक्षरं आणि मधे साल दाखवणारं अक्षर हा त्याचा ठसा. तो निळा ठसा झिलईवर हाताने काढलेला असे, म्हणून तो नक्कल करायला फार सोपा. १८०० मध्ये ब्रोन्यार संचालक झाला. तेव्हा फ्रेंच राज्यक्रांतीने कारखान्याची तिजोरी रिकामी केलेली होती. जुनी कोरी भांडी त्याने मोठ्या प्रमाणात विकून टाकली. बाहेरच्या कारागिरांनी ती घेऊन त्यांवर मोहक निळे-गुलाबी काठ, राजघराण्यातल्या स्त्रियांची मुखचित्रं आणि जुने ठसे चढवले. त्यामुळे हातात येणारी माती खरोखर अठराव्या शतकातली असते आणि चित्र एकोणिसाव्यातलं. अनुभवी माणसंही तिथे अडखळतात. पुढे १८४८ पासून कारखान्याने स्वतःच दोन ठसे ठेवले: भांडं घडलं त्या सालाचा हिरवा ठसा आत, आणि रंगकाम झालं त्याचा लाल ठसा वर. भांडं कोरंच विकलं तर हिरव्या ठशावर चाकाने खरवडून एक आडवी रेघ मारत. ती रेघ दिसली आणि तरी समोर भारी चित्र आहे, तर ते चित्र सेव्ह्रचं नाही. ती रेघ सोन्याच्या फुलाखाली लपवलेलीही सापडते. म्हणून मागच्या बाजूला नको तिथे सोनं दिसलं की भिंग तिथे आधी न्यावं.

'व्ह्यू पारी' म्हणजे जुन्या पॅरिसची भांडी मला जास्त जवळची वाटतात. अठराव्या शतकाच्या अखेरपासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत दिल-गेरार, नास्त, दागोती अशा कारखान्यांनी पॅरिसमध्ये अप्रतिम काम केलं. त्यातलं खूपसं ठशाविना आहे, म्हणून घाईचे खरेदीदार ते सोडून देतात. डोळा तयार असेल तर भरल्या किमतीपेक्षा कितीतरी चांगली वस्तू तिथे हाती लागते.

डोळा तयार करायचा तर तुमच्या जवळ न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आहे, तिथली फ्रेंच दालनं बघा. फ्रान्सला गेलात तर लिमोजचं आद्रियाँ द्युबुशे संग्रहालय चुकवू नका. भारतात हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात फ्रेंच पोर्सिलेन आहे. टिपू सुलतानाचे दूत १७८८ मध्ये फ्रान्सला गेले, सेव्ह्रचा कारखानाही बघून आले, आणि सोळाव्या लुईने टिपूसाठी सेव्ह्रची भांडी भेट दिली. तेव्हा हा माल आपल्या देशात तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जुना आहे. पण काचेआडून बघून सोनं आणि झिलई कळत नाही. लिलावाआधी सामान मांडतात तिथे जा. खरेदी करायची नसली तरी ते तुम्हाला भांडं हातात घेऊ देतात.

घेताना तुटफूट कशी तपासावी? ताटली तळहातावर तोलून बोटाच्या पेराने कडेवर हलकेच टिचकी मारा. धड ताटली लांब, स्वच्छ वाजते, तडा असलेली बद्द वाजते. पण डागडुजी नीट झाली असेल तर आवाजही फसवतो, म्हणून अंधारात अतिनील टॉर्च फिरवा. नंतर लावलेला रंग आणि डिंक बाकी झिलईपेक्षा वेगळा चमकतो. कपाच्या दांड्याचा सांधा आणि झाकणाची गुंडी या दोन जागा आधी. संपूर्ण संच घ्यायच्या मोहात पडू नका. अमेरिकेत मोठ्या जेवणाच्या संचांना आता पूर्वीसारखे भाव नाहीत, कारण ते ठेवायला आणि हाताने धुवायला घरांत कुणाला सवड नाही. त्यामुळे संच स्वस्तात मिळतो, पण तुमच्या घरातली जागा मात्र तो भरून टाकतो. एकाच कारखान्याची वेगवेगळ्या दशकांतली एकेक ताटली घेतलीत तर शिकायला जास्त मिळेल.

फराळाचं विचारलंत. झिलईवरच्या जुन्या रंगांत शिसं असतं. कारखान्याच्या भट्टीत ते काचेत चांगलं बांधलं जातं. घरच्या भट्टीत आच कमी पडली असेल तर ते सैल राहतं आणि आंबट पदार्थात उतरू शकतं. तुमच्या ताटल्या हौशी हाताच्या, म्हणून जास्त जपा. शंकरपाळे, चकली, करंजी थोडा वेळ मांडून ठेवायला हरकत नाही, तीही मधे कागदी डॉयली घालून. लोणचं, चिंचेची चटणी, लिंबू, कोकम, दही यातून अजिबात वाढू नका, आणि लहान मुलांना यात रोज खायला देऊ नका. सोनेरी कड असलेलं काहीही मायक्रोवेव्हमध्ये घातलं की ठिणग्या उडतात. डिशवॉशर सोनं खातो. सिंकमध्ये टॉवेल अंथरून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने एकेक ताटली धुवा. धड झिलईला हळदीचा डाग लागत नाही, पण केसाएवढ्या तड्यात हळद शिरली तर ती पिवळी रेघ कायमची. तो डाग काढायला कुणी ब्लीच सुचवलं तर ऐकू नका. क्लोरीनचे क्षार तड्यात साचतात आणि झिलई आतून उचकटते.

रचून ठेवताना प्रत्येक दोन ताटल्यांमधे फेल्टची किंवा मऊ सुती कापडाची चकती घाला, नाहीतर वरच्या ताटलीचा न झिललेला पायकाठ खालचं सोनं खरवडतो. कप एकात एक घालू नका, दांड्याने टांगूही नका.

यातलं काही महाराष्ट्रातल्या घरी न्यायचं मनात असेल तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारतातून खाजगी माणसाला बाहेर नेता येत नाही. तुमच्या १९०७ च्या ताटल्या त्या वयाच्या आहेत. परत अमेरिकेत आणायच्या असतील तर नेण्याआधीच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि कस्टमकडे चौकशी करा, आणि खरेदीची पावती, फोटो व अमेरिकेतून नेत असल्याचे कागद जवळ ठेवा.

आणि त्या नावाचं. ज्या घरातून ताटल्या आल्या त्या गावच्या ग्रंथालयात जुन्या जनगणनेच्या नोंदी आणि स्थानिक वर्तमानपत्रं बघायला मिळतील. ताटलीमागचं आडनाव त्यात शोधा. आठांपैकी एकीवरच नाव आहे, तेव्हा बाकी सात तिच्याच हातच्या आहेत का, की वर्गातल्या मैत्रिणींनी एकेक रंगवली, हे गुलाबांची पानं एकमेकींशेजारी ठेवून तुम्हालाच ठरवता येईल. पानाच्या टोकाशी कुंचला कसा उचललाय तिथे आधी बघा.